परिचारिका नोकरी सोडूं पाहते ती कां?

परिचारिका नोकरी सोडूं पाहते, तेव्हां ती रुग्णसेवेला कंटाळली असें सहज म्हटलें जातें. हा समज वरवरचा आहे. किनवटसारख्या ठिकाणीं तिच्या जाण्याचें कारण बहुधा सेवेंत नसून सेवेच्या हिशेबांत सांपडतें.

किनवट हा नांदेड जिल्ह्यांतील पैनगंगेकांठचा, तेलंगणाच्या सीमेला भिडलेला वनमय तालुका. गोंड, कोलाम, आंध या आदिवासींची येथें मोठी वस्ती आहे. जिल्ह्याचें ठाणें शंभर किलोमीटरांहून दूर; त्यामुळें अडलेली बाळंतीण असो कीं सर्पदंशाचा रोगी, आधार गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचा.

आतां हिशेब असा. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार साध्या रुग्णालयांत ५ रुग्णांमागें १ परिचारिका हवी, आणि रजेच्या सोयीसाठीं शेंकडा ३० अधिक. म्हणजे ५० खाटांना १० आणि वर ३. या दहाजणी तीन पाळ्यांत वांटल्या कीं एका वेळीं तीन किंवा चारच उरतात. प्रमाण पुरें पाळलें तरी रात्रपाळींत एकीच्या वांट्याला पंधराएक रुग्ण येतात! त्यांतून तीन जागा रिकाम्या राहिल्या, तर तूट कागदावर लहान दिसते. पण गेलेली असते ती नेमकी रजेची शिल्लक. मग एकीचें मूल तापानें फणफणलें, कीं दुसरीची साप्ताहिक सुटी जाते. रजा मागणें म्हणजे मैत्रिणीवर भार टाकणें होऊन बसतें, आणि थकव्यापेक्षां हा संकोचच अधिक जाचतो. वॉर्डांतली मावशी किंवा मामा नसला, तर त्यांचें कामही सिस्टरकडेच. नोंदवह्या तर आहेतच. औषध संपलें तरी नातेवाइकांचा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या परिचारिकेवर.

वेतनाचा प्रश्न सर्वांचा सारखा नाहीं. आदिवासी भागांतील शासकीय सेवकांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय २००२ सालचा आहे. कंत्राटी परिचारिका मात्र त्याच खाटेपाशीं तेंच काम कमी वेतनांत करते, आणि पुढील वर्षाची तिला शाश्वती नसते. २०२२ च्या मे महिन्यांत राज्यांतील परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्य संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधांतच.

किनवटहून जाणें म्हणजे दर वेळीं राजीनामाच असें नव्हे; मुलांच्या शाळेसाठीं नांदेडला किंवा लातूरला बदली मागणें हेंही जाणेंच. परंतु रुग्ण तिच्या मागोमाग तेथेंच पोंचतो. येथें हात अपुरे पडले, कीं त्याला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत धाडावें लागतें. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं त्याच रुग्णालयांत २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचें उघड झालें; त्यांत १२ नवजात बालकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन त्याची दखल घेतली, आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला.

म्हणून भरती करतांना रजेच्या राखीव जागा आधीं भराव्या, रुग्णालयाजवळ राहतां येईल असें घर द्यावें, आणि ठरलेली मुदत संपतांच बदली मिळेल, हें नेमणुकीच्या दिवशींच लेखी सांगावें.