दुकानाचे वय आणि वस्तूचे वय

सुरत शहराच्या पूर्व अंगास पर्वत पाटिया ही वस्ती आहे. त्या बाजूच्या लिंबायत, उधना या भागांत कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्याकडून पाहुणा गावी परतू लागला, की सुरतेची आठवण म्हणून घारीबरोबर नानकटाईचा पुडाही त्याच्या हाती पडतो. या पुड्यामागे एका घराण्याच्या दुकानाचा दीर्घ इतिहास उभा आहे. तो पाहिला म्हणजे जुनेपण टिकते कशाने, याचा थोडा उलगडा होतो.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डच व्यापाऱ्यांनी सुरतेस वखार घातली. वखारीतील गोऱ्या लोकांना पाव हवा; तो भाजण्यास स्थानिक पारशी कारागीर लागले. १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर, १८२५ मध्ये, सुरतेची वखार डचांच्या हातून गेली. त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली, अशी त्या घराण्यात परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. पेढी आपले स्थापनावर्ष १८६१ सांगते, आणि नानपुऱ्यात मक्काई पुलानजीक तिचे दुकान प्रसिद्ध आहे.

त्या काळी पाव आंबविण्यासाठी ताडी वापरीत. ताडाच्या रसात निसर्गतःच आंबवणारे सूक्ष्म जीव असतात. ते पिठातील साखरेवर वाढून वायू सोडतात आणि पीठ फुगते. परंतु पाव खाणारे परदेशी गिऱ्हाईक कमी झाले, तेव्हा पाव उरू लागला. उरलेला पाव वाळून कडक झाला, तरी हलका आणि पचण्यास सोपा म्हणून गावातील लोक तोच मागू लागले. मग पाव मुद्दाम भट्टीत वाळविण्यास आरंभ झाला. पाणी निघून गेल्यामुळे त्याला बुरशी लवकर धरत नाही; तो पुष्कळ दिवस राहतो, आणि चहात बुडविताच मऊ होतो. सुरती बटासा तो हाच. आपल्याकडील साखरेच्या बत्ताशाशी त्याचे नाते केवळ नावापुरते.

पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीलाही आपल्या कक्षेत घेतले. जी भट्टी ताडीवर विसंबून होती, तिला आंबवणाचा दुसरा मार्ग धरणे भाग पडले. म्हणजे मालक बदलले, गिऱ्हाईक बदलले, आंबवणही बदलले. टिकून राहिली ती एका पिढीने दुसरीस हातोहात दिलेली कृती.

आता याच्या शेजारी मुंबईतील इराण्याचे हॉटेल ठेवून पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या इराणी प्रांतांतून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी चौकाचौकांत चहाची दुकाने थाटली. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानून टाळीत, त्यामुळे ती इराण्यांना सहज मिळे, असे सांगतात. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबले, भिंतीवरचे आरसे, काचेच्या बरण्या आणि वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या ही त्यांची ओळख.

या खुर्च्यांचे मूळ मिखाएल थोनेट या कारागिराच्या कारखान्यात आहे. वाफेने लाकूड मऊ करून त्याने १८५९ मध्ये जो नमुना काढला, त्यात लाकडाचे अवघे ६ तुकडे आणि १० स्क्रू लागत. एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या सुट्या करून मावत; म्हणूनच त्या जगभर स्वस्तात पोहोचल्या. मुळात ती गरिबाच्या चहाची खुर्ची होती!

पण कोपऱ्याच्या जागेचे मोल वाढत गेले. एका कपावर तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकाकडून ते भरून निघेना. मुलेही शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली. कयानीसमोरचे बस्तानी २००४ मध्ये बंद झाले. इतरही कित्येक मिटले. आणि दुकान मिटले, की त्याच्या खुर्च्या नि आरसे चोरबाजारातील मटण स्ट्रीटसारख्या ठिकाणी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे येतात. चहाच्या दुकानात जिची किंमत कोणी विचारली नव्हती, ती खुर्ची येथे चढ्या भावाने विकली जाते. विकत घेणारा ती दिवाणखान्यात मांडतो, आणि पुष्कळदा तिच्यावर कोणी बसत नाही.

या व्यापाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी न घेतल्या असत्या, तर त्यांतील बऱ्याच खुर्च्या सरपणात गेल्या असत्या. परंतु त्यांच्या हाती लागते ती वस्तू. खुर्चीबरोबर चहा करणारा हात येत नाही, आणि रोज ठराविक वेळी येऊन बसणारा माणूसही येत नाही. सुरतेच्या भट्टीचे उलट झाले: तेथील मूळ साधनांपैकी दाखविण्याजोगे फारसे काही नसले, तरी काम चालू असल्यामुळे जुनेपण रोज ताजे भाजून निघते.

आपल्या गावातही पिढीजात एखादे दुकान असेल. त्याच्या फळीवरील पितळी तराजू उद्या कोणीही विकत घेऊ शकेल. त्या तराजूने तोलणारी पुढची पिढी दुकानात बसते की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी आज तेथे जाणाऱ्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे.