एक प्लॅटफॉर्म, तीन नाममुद्रा : शेंद्रा येथील आलिशान एस.यू.व्ही. वाहनांच्या संदर्भात वस्तुभेदाचा अभ्यास

प्रस्तावना :

जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. पुढे ऑडी आणि फोक्सवॅगन या नाममुद्रांची, म्हणजे ब्रँडची, वाहनेही याच कारखान्यातून बाहेर पडू लागली. २०१९ मध्ये या समूहाच्या भारतातील तीन कंपन्यांचे 'स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया' या एका कंपनीत विलीनीकरण झाले. अर्थशास्त्र व वाणिज्य शाखेत 'वस्तुभेद' ही संकल्पना शिकविताना आपण वर्षानुवर्षे साबण आणि टूथपेस्टची उदाहरणे देत आलो आहोत. त्याहून बोलके उदाहरण शेजारच्या जिल्ह्यात उपलब्ध आहे. एकाच मालकाची, एकाच तांत्रिक पायावरील वाहने तीन नावांनी व तीन किमतींना कशी विकली जातात, आणि त्या किमतीतील कोणता वाटा आपल्या भागात राहतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्लॅटफॉर्म : संकल्पना

प्लॅटफॉर्म म्हणजे केवळ वाहनाचा सांगाडा नव्हे. आधुनिक मोटारींची काया एकसंध असते. तिचा तळभाग, इंजिन बसविण्याची पद्धत, चाकांची जोडणी, सुकाणू यंत्रणा, विद्युत जाळे आणि अपघातात धक्का शोषणारी रचना यांचा संच म्हणजे प्लॅटफॉर्म होय. पूर्वी हा संच बऱ्याच अंशी ठरीव मापाचा असे. फोक्सवॅगन समूहाने २०१२ मध्ये वापरात आणलेल्या एम.क्यू.बी. या रचनेने त्यात लवचिकता आणली. या रचनेत इंजिन आडवे बसते. पुढील चाकाच्या केंद्रापासून चालकाच्या पेडलपर्यंतचे अंतर कायम ठेवले जाते. चाकांमधील अंतर, रुंदी व लांबी मात्र बदलता येते. संशोधनाचा मोठा खर्च याच पुढील भागावर होतो. तो एकदा केला की अनेक वाहनांवर विभागता येतो.

तीन भावंडे :

या दशकाच्या प्रारंभी भारतीय बाजारात आलेली पुढील तीन पेट्रोल वाहने एम.क्यू.बी. रचनेवर आधारलेली होती. टिग्वान व कोडियाक यांची जुळणी शेंद्रा येथे होत असे. ऑडी क्यू३ची स्थानिक जुळणी तेथेच २०२३ मध्ये सुरू झाली.

तक्ता क्र. १

| वाहन | भारतात सादर | लांबी (सुमारे) | चाकांमधील अंतर (सुमारे) | आसने | प्रारंभीची एक्स-शोरूम किंमत |
|---|---|---|---|---|---|
| फोक्सवॅगन टिग्वान | डिसेंबर २०२१ | ४.५१ मी. | २.६८ मी. | ५ | ३१.९९ लाख रु. |
| स्कोडा कोडियाक | जानेवारी २०२२ | ४.७० मी. | २.७९ मी. | ७ | ३४.९९ लाख रु. |
| ऑडी क्यू३ | ऑगस्ट २०२२ | ४.४८ मी. | २.६८ मी. | ५ | ४४.८९ लाख रु. |

तिन्ही वाहनांत दोन लिटर क्षमतेचे टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पी.एस. शक्ती, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गतींचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा होती. म्हणजे जे सर्वांत आखूड, तेच सर्वांत महाग. आणि सर्वांत जास्त माणसे नेणारे वाहन त्यापेक्षा सुमारे दहा लाख रुपयांनी स्वस्त. स्थानिक जुळणी सुरू झाल्यानंतरही क्यू३ची किंमत भावंडांच्या पातळीवर उतरली नाही.

नाव आणि यंत्रणा :

चारही चाकांना शक्ती देण्याच्या यंत्रणेला फोक्सवॅगन 'फोरमोशन', स्कोडा 'फोर बाय फोर' आणि ऑडी 'क्वाट्रो' म्हणते. या तिन्ही वाहनांत तिचे कार्यतत्त्व एकच आहे. शक्ती मुख्यतः पुढील चाकांकडे जाते आणि गरज पडताच मागील बाजूचा बहुचकती क्लच ती मागे वळवितो.

उलट, ऑडीच्याच क्यू७ वाहनावरही 'क्वाट्रो' हेच नाव असते. परंतु त्यात इंजिन उभे बसते आणि मध्यवर्ती यांत्रिक डिफरन्शियल पुढच्या व मागच्या चाकांना सतत शक्ती वाटते. येथे एका यंत्रणेला तीन नावे आणि एका नावाखाली दोन यंत्रणा, अशी स्थिती दिसते. ग्राहकाने नावावरून यंत्रणेचा अंदाज बांधू नये, हा यातील पहिला धडा होय.

प्रत्यक्ष भेद कोठे आहे?

यावरून ही वाहने 'एकच' आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. कोडियाकचे चाकांमधील अंतर सुमारे अकरा सेंटीमीटरने वाढवून तिसरी आसनरांग बसविण्यात आली. त्यामुळे ते कुटुंबाचे वाहन बनले. त्याच्या भारतीय आवृत्तीत धक्काशोषकांची कठोरता बदलणारी यंत्रणाही उपलब्ध होती. टिग्वानने पाच आसनांची सुटसुटीत रचना ठेवली. क्यू३मध्ये अंतर्भागाची मांडणी, पडद्यांची रचना व बाह्यरूप ऑडीच्या स्वतंत्र शैलीतील आहे. विक्री दालन आणि सेवाव्यवस्थाही वेगळी आहे.

वरच्या श्रेणीत हा भेद अधिक खोल जातो. क्यू७, पोर्शे कायेन, बेंटली बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनी उरुस ही वाहने एम.एल.बी. इव्हो या समान रचनेवर उभी आहेत. २०२२ मध्ये भारतात आलेल्या क्यू७चे सहा सिलिंडरचे इंजिन ३४० पी.एस. शक्ती देते, २०१७ मध्ये जगापुढे आलेल्या उरुसचे आठ सिलिंडरचे इंजिन ६५० पी.एस. शक्तीचे होते. तेथे इंजिनच बदलते. शेंद्र्याच्या तीन भावंडांत मात्र जागा, सजावट आणि प्रतिष्ठा बदलते.

किमतीचे स्पष्टीकरण :

एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धांत मांडला. त्यात वस्तुभेदाचा आधार खरा असो वा ग्राहकाच्या मनातला, तो विक्रेत्याला किमतीवर काही प्रमाणात नियंत्रण देतो. हा सिद्धांत परस्परांशी झुंजणाऱ्या विक्रेत्यांचा आहे. येथे एकच समूह तीन विक्रेत्यांच्या भूमिका वठवितो आणि प्रत्येक नाममुद्रेचा ग्राहक दुसरीकडे सरकू नये याची दक्षता घेतो. नाममुद्रेचे आकर्षण मराठवाड्याला अपरिचित नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या.

जुळणीचे ठिकाण हाही किमतीचा घटक आहे. एप्रिल २०२५ मध्ये नवी कोडियाक ४६.८९ लाख आणि टिग्वान आर-लाइन ४८.९९ लाख रुपयांना सादर झाली. दोन्हींत २०४ पी.एस.चे इंजिन होते. तरीही पाच आसनांची टिग्वान सात आसनांच्या कोडियाकपेक्षा महाग होती. कोडियाकची जुळणी शेंद्रा येथे झाली, तर टिग्वान पूर्ण तयार अवस्थेत आयात केली गेली. आणि तयार वाहनावरील सीमाशुल्क सुट्या भागांपेक्षा बरेच जास्त असते. आयात भागांचा संच 'सुटे भाग' मानावा की 'न जोडलेली मोटार', हा वाद किती मोठा होऊ शकतो हे सप्टेंबर २०२४ च्या नोटिशीवरून दिसते. सीमाशुल्क विभागाने या कंपनीकडे सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी केली. कंपनीने आरोप नाकारून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

आपल्या भागाचा वाटा :

प्लॅटफॉर्म समान असल्यानेच कमी खपाच्या अनेक नाममुद्रा एका कारखान्यात जोडणे परवडते. शेंद्र्याचा रोजगार या अर्थाने प्लॅटफॉर्मवर उभा आहे. परंतु ज्या गोष्टींमुळे दहा लाखांचा फरक पडतो, त्यांचे निर्णय शेंद्र्यात होत नाहीत. ऑडीची रूपरेषा इंगोलश्टाटला, स्कोडाची म्लादा बोलेस्लावला ठरते. जालन्याचा पोलाद उद्योग मुख्यतः बांधकामाच्या सळयांचा आहे. मोटारीच्या कायेला लागणारे पातळ कोल्ड रोल्ड पत्रे हे वेगळ्या प्रकारच्या गिरण्यांचे उत्पादन आहे. त्यामुळे कारखाना जवळ असूनही आपले पोलाद त्या कायेत पोहोचत नाही. याउलट चाकण येथे २०२१ पासून तयार होणाऱ्या कुशाक व टायगुन या भावंडांसाठी एम.क्यू.बी. रचनेची खास भारतीय आवृत्ती विकसित करण्यात आली आणि त्यांत ९५ टक्क्यांपर्यंत स्थानिक भाग वापरण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले.

निष्कर्ष :

१. समान प्लॅटफॉर्म म्हणजे समान वाहन नव्हे. तथापि नावातील फरक हा यंत्रणेतील फरकाचा पुरावाही नव्हे.

२. अभ्यासलेल्या तीन वाहनांत इंजिन समान राहिले. किमतीची उतरंड जागेच्या नव्हे, नाममुद्रेच्या क्रमाने लागली.

३. जुळणीमुळे रोजगार मिळतो. मूल्याचा मोठा वाटा मात्र आरेखन, सुटे भागनिर्मिती आणि नाममुद्रा यांकडे जातो. आपल्या विद्यार्थ्यांना केवळ जुळणीच्या कौशल्यावर न थांबविता आरेखन, साहित्यशास्त्र व विपणन यांकडे वळविणे म्हणूनच अगत्याचे आहे. शेंद्र्याची औद्योगिक सहल काढताना 'हे वाहन कसे जोडतात?' यासोबत 'याची किंमत कोठे ठरते?' हा प्रश्नही विद्यार्थ्यांच्या वहीत असावा.