बोटीवरून उतरल्यावर

परदेशची सफर करून परत आल्यापासून आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनीं विचारला जात आहे : ‘‘या वयांत, भाषा येत नसतां, बोटीवाल्यांची सहल सोडून तुम्ही दोघें आगगाडीनें हिंडलांत, तें कोणाच्या भरंवशावर?’’ विचारणारांत कौतुक करणारे आहेत, तसे दोष देणारेही आहेत. प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां सर्व हकीकत एकदां लिहून काढावी आणि तींतून ज्यास जें घेण्यासारखें वाटेल तें त्यानें घ्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

गोष्ट २०२५ सालच्या मे महिन्यांतली. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत असतात. त्यांनीं आम्हां उभयतांस, आमच्या धाकट्या बंधूंस व भावजयीस भूमध्य समुद्रांतील आठवड्याच्या सफरीस नेलें. सूनबाई व तीन वर्षांची नात बरोबर होतीच. ज्यांनीं असा प्रवास केला नसेल त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगतों. बोट म्हणजे एक तरंगता गांवच. रात्रभर चालावें, सकाळीं नव्या बंदरास लागावें आणि संध्याकाळीं पुन्हां निघावें, असा तिचा क्रम. आदल्या रात्रीं खोलींत एक छापील पत्रक येतें. त्यांत बंदराचें नांव, बोटीवर परत येण्याची वेळ आणि बोटीवाल्यांनीं योजिलेल्या सहलींची यादी असते. सहल घेणारानें छातीवर क्रमांकाचा कागद चिकटवावयाचा, निशाण धरणाऱ्या वाटाड्यामागून चालावयाचें आणि बसमध्यें बसावयाचें. तेथें आपणांस मोजतात. उतरल्यावर पुन्हां मोजतात. आम्हीं जन्मभर मुलांच्या सहली याच पद्धतीनें नेल्या. आतां मोजून घेण्याची पाळी आमच्यावर आली, आणि ती आम्हांस फारशी रुचली नाहीं हें कबूल केलें पाहिजे.

परंतु या सहलींची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत एक मोठी सोय आहे. बोटीच्या स्वतःच्या सहलीची बस वाटेंत अडकली तर बोट तिची वाट पाहते किंवा त्या लोकांस पुढच्या बंदरीं पोंचविण्याची व्यवस्था तीच करते. जो आपल्या जबाबदारीवर उतरला त्याच्यासाठीं मात्र ती थांबत नाहीं. तो राहिला तर पुढचें बंदर त्यानें स्वतःच्या खर्चानें गांठावें. सहलीच्या किंमतींत बसचें भाडें थोडें आणि या हमीचें मोल फार असतें. ही गोष्ट नीट समजून घेतल्यावांचून कोणीं आगगाडीच्या वाटेस जाऊं नये.

मग आम्ही कां गेलों? कारण सांगावयाचें तर आमच्या कुटुंबाच्या माहेरापासून आरंभ करावा लागेल. त्यांचें माहेर जालना जिल्ह्यांतलें. त्या जिल्ह्यांतील भोकरदन म्हणजे प्राचीन काळचें भोगवर्धन. भोकरदन व तेर या दोन्ही ठिकाणीं सातवाहनकाळच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाल्या आहेत. त्यांच्याशीं मिळत्याजुळत्या घडणीची एक मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहराच्या उत्खननांत निघाली. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीनें तें शहर इ. स. ७९ मध्यें गाडून टाकलें. अर्थात् मूर्ति त्यापूर्वीं समुद्रापार गेलेली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नांवानें ती प्रसिद्ध झाली. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असें आतां पुष्कळ अभ्यासक म्हणतात. तिच्यावर खरोष्ठी लिपींतलें अक्षर असल्यामुळें कांहीं विद्वान् वायव्य भारताकडे बोट दाखवितात, तर कांहीं तिला भोगवर्धनाची मानतात. आमच्या मेहुण्यांनीं ही हकीकत फार वर्षांपूर्वीं बहिणीस सांगितली होती, आणि ती त्यांच्या मनांत घर करून राहिली होती.

आमची बोट नेपल्स बंदरास लागणार होती. पत्रकांत पाँपेईची सहल होतीच. पण मूर्ति आतां पाँपेईंत नाहीं. ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे, आणि तेथें जाणारी सहल त्या यादींत एकही नव्हती. बंदरावरून बस भरून लोक पाँपेईस जाणार आणि तशीच बस भरून परत येणार. ज्या शहरांत बोट उभी, तें शहर खिडकींतून जेवढें दिसेल तेवढेंच.

रात्रीं जेवणाच्या टेबलावर वाद झाला. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, बोट चुकली तर? नातीला टाकून आम्हांला तुमच्यामागें येतां येणार नाहीं.’’ बंधूंचा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो. ते म्हणाले, ‘‘दादा, मी सहलीनेंच जाणार. माझ्यासाठीं दारांतून दारांत नेणारी बस हीच खरी आगगाडी.’’ आमच्या कुटुंबानें मात्र एवढेंच विचारलें, ‘‘पुन्हां इकडे येणें होणार आहे का?’’ त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. अखेरीस चिरंजीवांनीं अट घातली : बोटीची शेवटची वेळ सहाची असली तरी तुमची वेळ पांचाची. आम्हीं ती मान्य केली.

नेपल्सची सोय अशी कीं बंदर शहराच्या पोटांतच आहे. धक्क्यावरून बाहेर पडलें कीं समोर तेराव्या शतकांतला किल्ला आणि त्याला लागून म्युनिचीपिओ नांवाचें भुयारी रेल्वेचें स्टेशन. जेमतेम दहा मिनिटांची चाल. हें स्टेशन खणतांना प्राचीन बंदरांतल्या रोमन नावा मातींत सांपडल्या. म्हणजे आज जेथें गाडी येते तेथें एके काळीं गलबतें लागत होतीं. येथून एका दिशेस तिसरें स्टेशन गॅरिबाल्डी, जेथून पाँपेईकडे जाणारी लहान रुळांची रेल्वे निघते. आणि दुसऱ्या दिशेस तिसरें स्टेशन म्युझेओ, म्हणजे संग्रहालय. आमचा सारा दिवस या एका रेघेवर बसणारा होता.

भाषेचें भय आम्हांस वाटत होतें खरें. पण फलाटांचे आंकडे कानीं पडूं लागले आणि गंमत वाटली. दोनास ‘दूए’, तिनांस ‘त्रे’, सातांस ‘सेत्ते’, आठांस ‘ओत्तो’, नवांस ‘नोव्हे’. द्वे, त्रीणि, सप्त, अष्ट, नव! पाणिनीच्या देशांतून आलेल्या मास्तराला एवढी ओळख पुरेशी होती. लॅटिन आणि संस्कृत एका कुळांतल्या भाषा आहेत, हें आम्हीं वर्गांत अनेक वेळां सांगितलें होतें. त्याचा उपयोग फलाट शोधण्याच्या कामीं होईल, असें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

आणि याच फाजील आत्मविश्वासापायीं आमची फसगत झाली. एका गाडीच्या थांब्यांच्या यादींत ‘पाँपेई’ हा शब्द वाचून आम्ही आंत शिरलों. उत्खननाचें पाँपेई सोरेंतोच्या फांट्यावर आहे. पण त्याच रेल्वेच्या दुसऱ्या फांट्यावर, नव्या गांवांतल्या देवळाजवळ, पाँपेई नांवाचें आणखी एक स्टेशन आहे. आमची गाडी तिकडची. समोर भाजीची पिशवी घेऊन एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमच्या तोंडून पुन्हांपुन्हां ‘पाँपेई’ ऐकून त्यांनीं विचारलें, ‘‘स्काव्ही?’’ उत्खननाला त्यांचा हा शब्द. आम्हीं मान डोलावली. त्यांनीं दोन्ही हात हलवून ‘‘नो, नो’’ म्हटलें, आणि तोर्रे अन्नुन्झियाता स्टेशन येतांच आमच्या कुटुंबाचा हात धरून त्यांस दारापर्यंत आणून सोडलें. दोन फांटे येथेंच वेगळे होतात. सोरेंतोची गाडी येण्यास अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासांत आम्हीं घड्याळाकडे किती वेळां पाहिलें, तें आमच्या कुटुंबासच विचारावें.

पाँपेईचीं तिकिटें चिरंजीवांनीं आधींच काढलीं होतीं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तेथें दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश देतात आणि तिकिटावर नांव असावें लागतें. म्हणून आयत्या वेळीं जाणारानें धोका पत्करूं नये. आंत गेल्यावर आम्ही थक्क झालों. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनीं पाडलेल्या चाकोऱ्या, पावसाळ्यांत पाय न भिजतां रस्ता ओलांडतां यावा म्हणून मध्यें ठेवलेले उंच दगड, भटारखान्यांतलीं पुरुषभर जातीं, आणि चौकाच्या टोकाशीं निळसर व्हेसुव्हिअस. मूर्ति ज्या घरांत सांपडली त्याच्या रस्त्यावरून आम्ही चाललों. तेथें तीन तास काढावयाचे ठरलें होतें. पण चुकलेल्या गाडीचा भुर्दंड कोठून तरी भरणें भाग होतें. पाँपेईचें रंगस्थळ पाहावें कीं संग्रहालयासाठीं वेळ राखावा? आम्हीं रंगस्थळ सोडलें आणि पाऊण वाजण्याच्या सुमारास परतीची गाडी धरली. बोटीच्या सहलींत असा निवाडा दुसराच कोणी करतो. येथें तो आपणांस करावा लागतो, आणि चुकला तर दोषही आपलाच.

संग्रहालयांत मूर्ति सांपडावयास वेळ लागला. पाँपेईंतलीं शृंगारिक चित्रें व शिल्पें तेथें एका वेगळ्या दालनांत ठेवलीं आहेत. ‘गुप्त दालन’ असेंच त्याचें नांव. फार काळ बंद राहून २००० सालीं तें सर्वांस खुलें झालें. मूर्ति विवस्त्र असल्यामुळें तिचीही रवानगी तेथेंच झालेली. दारांतलीं चित्रें पाहून आम्ही घुटमळलों. पण आमचें कुटुंब इकडे तिकडे न पाहतां सरळ पुढें गेलें. कांचेच्या कपाटांत ती उभी होती. उंची वीतभर, फार तर बोटभर अधिक. दोन्ही बाजूंस दोन लहान दासी, डोक्यावर एक भोंक. कोणा रोमन घरांतल्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ म्हणून ती वापरांत असावी, असें मानतात.

‘‘अहो, पायांकडे पाहा,’’ आमचें कुटुंब म्हणालें. ‘‘घोट्यापासून पोटरीपर्यंत वाळेच वाळे. ही आपल्याकडचीच.’’

विद्वानांत याविषयीं मतभेद आहे, असें आम्हीं सांगितलें.

‘‘असूं द्या मतभेद. इतक्या वर्षांत माहेरचें माणूस कोणी भेटायला आलें असेल का हिला?’’

यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. आम्ही दोघें तेथें वीस मिनिटें उभीं होतों. कोणीं निशाण हलविलें नाहीं, कोणीं मोजलें नाहीं.

सव्वाचार वाजतां आम्ही बोटीवर होतों. चिरंजीव वरच्या कठड्याशीं उभे होते. केव्हांपासून, तें आम्हीं विचारलें नाहीं. बंधु आमच्या आधीं आले होते, आणि न्यायानें सांगावयाचें तर पाँपेई त्यांनींच अधिक चांगलें पाहिलें. वाटाड्या जाणता होता; कोणतें घर कोणाचें, भिंतीवरच्या चित्राचा अर्थ काय, हें त्यांस सांगतां येत होतें, आम्हांस नव्हतें. परततांना शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या दुकानांत पाऊण तास बसवून ठेविलें, एवढीच त्यांची तक्रार. आमचें दोघांचें दिवसाचें गाडीभाडें त्यांच्या सहलीच्या एका आसनाच्या चौथ्या हिश्शाहून कमी झालें. पण पैशांसाठीं असें हिंडावें, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. बोट चुकली तर सारी बचत एका तासांत बुडते.

अनुभवानें शिकलेल्या चार गोष्टी मात्र सांगतों. पहिली : बंदर आणि शहर यांतलें अंतर आधीं पाहावें. पिरिअसहून अथेन्सला जाणारी रेल्वे १८६९ पासून आहे आणि अर्ध्या तासांत शहराच्या मध्यावर नेते. पण पत्रकांत जेथें ‘रोम’ छापलेलें असतें तें चिव्हितावेक्किया बंदर रोमपासून सत्तर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथें आम्हींही बोटीचीच सहल घेतली. दुसरी : शेवटच्या गाडीवर विसंबूं नये; बोटीच्या वेळेपूर्वीं दोन तास पोंचविणारी गाडी हीच आपली शेवटची गाडी समजावी. घड्याळ बोटीच्या वेळेशीं मिळवून घ्यावें, आणि पारपत्राची नक्कल व पत्रकांतील बंदरावरच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि जवळ ठेवावा. तिसरी : वार पाहावा. नेपल्सचें हें संग्रहालय मंगळवारीं बंद असतें. आमचा वार गुरुवार होता, हें आमचें भाग्य. इटलींत साध्या गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्यापूर्वीं यंत्रांत शिक्का मारावा लागतो, नाहींतर तिकीट असूनही दंड होतो. चौथी : ज्याचे पाय दुखतात, ज्याच्याबरोबर लहान मूल आहे, किंवा ज्यास त्या ठिकाणीं विशेष असें कांहीं पाहावयाचें नाहीं, त्यानें बसमध्यें सुखानें बसावें, त्यांत कमीपणा नाहीं. मनांत एखादी खरी भेट असेल, तरच गाडीचें वेळापत्रक हातीं धरावें.

घरीं आल्यावर एक गोष्ट ध्यानांत येऊन आम्ही वरमलों. नेपल्सपर्यंत जाऊन आलों, पण भोकरदन आम्हीं उभ्या आयुष्यांत पाहिलें नव्हतें. डिसेंबरांत जालन्यास गेलों तेव्हां मेहुणे मोटार देत होते. आमच्या कुटुंबानें ती नाकारली, आणि एस. टी. च्या खिडकीजवळची जागा धरली.