बिल्ल्याच्या पाठीवरचं नाव

ब्रिटिश लष्करात सैनिक कोणत्या रेजिमेंटचा, हे टोपीवरच्या धातूच्या बिल्ल्यावरून कळतं. साध्या शिपायांच्या टोपीवर हे बिल्ले १८९०च्या दशकाच्या अखेरीस सर्रास दिसू लागले. पुढे ते जमवणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढली आणि बाजारात नकलाही आल्या. म्हणून जाणकार बिल्ला हाती घेताच आधी उलटा करून पाहतात.

मागे एकतर टोपीच्या चिरेत खोवायची उभी चपटी पट्टी असते, नाहीतर पिन ओवायला दोन कड्या. काही बिल्ल्यांच्या या पट्टीवर किंवा पाठीवर बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. सर्वांत परिचित नाव ‘जे. आर. गाँट, लंडन’. या कंपनीचा कारखाना मात्र बर्मिंगहॅमला होता. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचे बिल्ले निघाले. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर वॉल्सॉलच्या ‘ए. स्टॅन्ली अँड सन्स’चं नाव दिसतं.

नाव नाही म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही; पहिल्या महायुद्धातले असंख्य अस्सल बिल्ले बिननावाचे आहेत. उलट, गाँटचं नाव सर्वांना ठाऊक असल्याने नकला करणारेही तेच ठोकतात. शिवाय जुन्या ठशांवरून नंतर नव्याने काढलेले बिल्लेही बाजारात फिरतात.

त्यामुळे नाव आणि घडण यांचा मेळ बसतो का, हे पाहावं लागतं. गाँटसारख्या कारखान्यांत शिपायांचे बिल्ले पत्रा ठशात दाबून काढत. पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो, रेषा धारदार राहतात. ओतीव नकलेची पाठ खरबरीत असते, बारीक छिद्रं दिसतात आणि कडा बोथट होतात. भारत आणि इजिप्तमधल्या स्थानिक कारागिरांनी सैनिकांसाठी ओतलेले बिल्ले अस्सलच आहेत, पण तशाच ओतीव तुकड्यावर गाँटचं नाव असेल तर शंका घ्यावी. धातूही बोलतो: १९१६मध्ये काटकसर म्हणून दोन धातूंचे अनेक बिल्ले नुसत्या पितळेत काढले गेले.

मुकुटावरून काळ कळतो. १९०१पर्यंत व्हिक्टोरियाचा मुकुट, त्यानंतर १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ट्यूडर मुकुट, पुढे एलिझाबेथच्या कारकिर्दीत सेंट एडवर्डचा. चार्ल्स तिसरे यांनी २०२२मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला. प्रजासत्ताक झाल्यावर भारतीय बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

अधिकाऱ्यांच्या चांदीच्या बिल्ल्यांवर शुद्धतेची सरकारमान्य चिन्हंही सापडतात. बर्मिंगहॅमचं चिन्ह जहाजाचा नांगर, ठरावीक शुद्धतेच्या चांदीचं चालता सिंह, आणि सोबतचं अक्षर तपासणीचं वर्ष सांगतं. हे वर्ष व्हिक्टोरियाच्या काळातलं आणि समोर ट्यूडर मुकुट, अशी जोडी दिसली तर दोहोंपैकी एक खोटं असतं.