बंदूक, दुनळी

छर्‍यांची काडतुसे उडविणारी दोन नळ्यांची बंदूक. बारा बोअर हा तिचा विशेष प्रचलित प्रकार असून त्याच्या नळीचा अंतर्व्यास सु. १८·५ मिमी. असतो. नळ्या शेजारी-शेजारी किंवा एकावर एक बसवितात. पहिल्या रचनेत बंदूक थोडी उघडूनही काडतुसे भरता येतात; दुसरीत नेम धरण्यास अरुंद, स्पष्ट रेषा मिळते. नळीचे मुख निमुळते असल्यास छर्रे अधिक अंतरापर्यंत एकवटून राहतात. म्हणून बहुधा एक नळी कमी व दुसरी अधिक निमुळती ठेवतात. दोन चाप असल्यास हवी ती नळी तत्काळ निवडता येते. दस्त्याची सरळ वा वक्र मूठ, बाहेर दिसणारे घोडे आणि नक्षीकाम यांची निवड बव्हंशी आवडीनुसार होते.

यांतील बरीच वैशिष्ट्ये शिकारीच्या गरजेतून रूढ झाली. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या माळरानांवर चिंकारा आढळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याच्या शिकारीस बंदी आहे. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्याने बंदूक बाळगता येते. शिकारीचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.