खुली वाट आणि खुली चढाओढ



बाजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आठवड्याचा बाजार उभा राहतो. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तर आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. आता बाजार चांगला केव्हा म्हणायचा? दोन गोष्टी जुळल्या तर. पहिली, माल बाजारापर्यंत विनाअडथळा पोचला पाहिजे. दुसरी, पोचल्यावर घेणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत खरीखुरी चढाओढ झाली पाहिजे. वाट मोकळी आहे, पण व्यापाऱ्यांनी लिलावाआधीच आपसांत भाव ठरवून टाकला, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार? उलट व्यापारी पुष्कळ आहेत, पण वाटेत जागोजागी नाके आहेत, तरी हिशेब तोच.

आधी वाटेचे पाहू. आपल्या राज्यघटनेचे 301 वे कलम सांगते की, भारतभर व्यापार, व्यवहार आणि जाणेयेणे मुक्त असावे. पण त्याच घटनेच्या राज्य सूचीत शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर कर बसवण्यालाही जागा होती. तीच आपली जकात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका 1982 साली झाली. तिच्या तिजोरीचा मोठा आधार ही जकातच होती. कारखान्यांना लागणारे लोखंड, रंग, रबर, यंत्रे हद्दीत आली की कर भरायचा. त्यातून शहरात रस्ते झाले, पाणी आले, हे नाकारून चालणार नाही. पण नाक्यावर ट्रक खोळंबत, कागदपत्रे तपासली जात, आणि त्या वेळेचा व कराचा बोजा शेवटी मालाच्या किमतीवरच पडे.

1 एप्रिल 2013 पासून पिंपरी-चिंचवडची जकात गेली व तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. पुढे 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर सुरू झाला व तो करही संपला. वाट मोकळी झाली. मात्र तिची किंमतही आहे बरं का! पूर्वी शहर स्वतः नाक्यावर पैसा गोळा करीत असे. आता त्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकारकडून यायची वाट पाहावी लागते.

हाच खटाटोप युरोपने अनेक देशांना एकत्र आणून केला. 25 मार्च 1957 रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोम येथे करार केला. माल, माणसे, सेवा आणि भांडवल यांना एकमेकांच्या हद्दीत मोकळेपणाने फिरू द्यायचे, असे त्यांनी ठरवले. 1968 साली त्यांच्यातील आपसांतली जकात संपली. आज त्या संघात 27 देश आहेत.

पण करार करणारे धूर्त होते. सरकारने पाडलेली भिंत कंपन्या आपसांत करार करून पुन्हा उभी करतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्याच करारात चढाओढीचे नियमही घातले.

उदाहरणच पाहा. चाकणला जिचा कारखाना 2009 साली सुरू झाला, त्या फोक्सवॅगन कंपनीची युरोपातली ही हकीकत आहे. 1990 नंतरच्या काही वर्षांत इटलीच्या चलनाची किंमत घसरली व तिथे गाड्या स्वस्त पडू लागल्या. साहजिकच जर्मनी-ऑस्ट्रियातले गिऱ्हाईक इटलीत जाऊ लागले. तेव्हा कंपनीने इटलीतल्या विक्रेत्यांवर दडपण आणले, की परदेशी गिऱ्हाइकाला गाडी विकू नका. सीमेवर नाका नव्हता, पण नाका दुकानातच आला! युरोपीय आयोगाने जानेवारी 1998 मध्ये 10 कोटी 20 लाख एक्यूंचा दंड केला. एक्यू म्हणजे युरोच्या आधीचे हिशेबाचे चलन. पुढे न्यायालयाने दंड कमी करून 9 कोटी युरो केला, पण दोष कायम ठेवला.

आता आपल्या घरचे उदाहरण. आपल्याकडे 2002 सालचा स्पर्धा कायदा आहे. त्यातील मुख्य कलमे 20 मे 2009 पासून लागू झाली. मोठे असणे हा या कायद्याने गुन्हा नाही. संगनमत करून भाव ठरवणे, बाजार वाटून घेणे, लिलावात किंवा निविदेत आधीच साटेलोटे करणे, आणि मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवणे, हा गुन्हा आहे.

2011 च्या जानेवारीत एका नागरिकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटारीचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, आणि दोष शोधण्याची यंत्रेही बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशी वाढली, आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत पिंपरीत कारखाना असलेली टाटा मोटर्स होती. चाकणला कारखाने असलेल्या महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ होत्या.

आयोगाचा विचार समजून घेण्यासारखा आहे. मोटार घेताना गिऱ्हाईक राजा असतो. ही नको, ती दाखवा, असे तो म्हणू शकतो. पण एकदा गाडी दारात आली की एका कंपनीचा दिवा दुसरीच्या गाडीला बसत नाही. मग अडला हरी गाढवाचे पाय धरी! म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या सुट्या भागांपुरती बाजाराची धनीच ठरते, असे आयोगाने मानले.

कंपन्यांचेही म्हणणे होते. अर्धवट शिकलेल्या मिस्त्रीने भाग बसवला तर जिवाला धोका, आणि नमुना आमच्या बुद्धीचा, त्यावर हक्क आमचा. सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. पण तेवढ्यासाठी सगळ्याच बाहेरच्या मिस्त्रींना वाट बंद करता येत नाही, असे आयोगाने ठरवले. सुटे भाग व यंत्रे बाहेर मिळू द्या, भाग तयार करणाऱ्यांना ते खुल्या बाजारात विकू द्या, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नका, असा हुकूम झाला. कंपन्यांनी दंडाला वरच्या न्यायासनांपुढे आव्हान दिले, आणि वाद वर्षानुवर्षे चालला.

यात आपला संबंध कुठे येतो? भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत असे कितीतरी सुटे भाग तयार होतात. तोच भाग कारखानदाराला स्वतःच्या नावाने बाजारात विकता आला, तर त्याला दुसरे गिऱ्हाईक मिळते. गावच्या मिस्त्रीला काम मिळते. आणि जीप नादुरुस्त झालेल्या शेतकऱ्याला वीस कोस दूरच्या एकाच दुकानावर अवलंबून राहावे लागत नाही.

तेव्हा गावकऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीचे बिल नीट मागून घ्यावे, भागाचे व मजुरीचे पैसे वेगळे लिहून घ्यावेत, आणि "बाहेर हात लावलात तर हमी गेली" असे कुणी म्हटले तर ते लेखी मागावे. नुसता भाव जास्त आहे म्हणून हा कायदा धावून येत नाही. संगनमत किंवा अडवणूक दाखवावी लागते, आणि त्यासाठी कागद लागतो. आयोगाकडे कोणाही नागरिकाला, ग्राहक संस्थेला वा व्यापारी संघाला ठरलेली फी भरून माहिती देता येते.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून आपल्या बाजाराची एक यादी करून घ्यावी. गावातला माल कुठून येतो, वाटेत किती हात बदलतो, कोणती वस्तू एकाच दुकानात मिळते आणि का, हे मुलांनी विचारून लिहावे. घटनेचे 301 वे कलम पाठ करण्यापेक्षा त्या यादीतून ते मुलांना अधिक चांगले कळेल.