खारेपाटाची चिकणमाती

रायगड जिल्ह्यात वडखळहून अलिबागकडे जाणारा रस्ता धरमतरची खाडी ओलांडतो, आणि दोन्ही बाजूंस एकाएकी सपाट मुलूख पसरतो. कोकण म्हटले की डोंगरउतार, जांभा दगड आणि आंब्याच्या बागा ज्यांच्या डोळ्यांपुढे येतात, त्यांना हा प्रदेश कोकणातला वाटणार नाही. पावसाळ्यात येथे क्षितिजापर्यंत भाताची हिरवी शेते दिसतात. वैशाखात त्याच जागी राखी रंगाची, भेगाळलेली आणि मधूनमधून पांढरी पडलेली भुई असते. या टापूस लोक खारेपाट म्हणतात. येथील पुष्कळ शेते उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहेत. समुद्राचे पाणी आणि भाताचे पीक यांच्यामध्ये मातीच्या बांधाखेरीज दुसरे काही नाही. आणि तो बांधही शेतातल्याच चिकणमातीचा आहे.

अशा जमिनी केवळ रायगडातच आहेत असे नाही. पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत जेथे जेथे नदी खाडीला मिळते तेथे त्या आढळतात. महाराष्ट्रातील त्यांचे क्षेत्र साठ हजार हेक्टरांहून अधिक मानले जाते. गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठी त्यांना खाजन म्हणतात, आणि तेथील क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर आहे. बंगालच्या सुंदरबनात आणि केरळच्या कुट्टनाडात त्यांची भावंडे आहेत. या सर्व जमिनींचा दोष एकच, तो म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही. त्यांचा गुणही बव्हंशी त्याच दोषातून निघतो.

ही माती आली कोठून? सह्याद्रीचा काळा पाषाण ऊनपावसाने झिजतो, आणि त्याचा अतिसूक्ष्म गाळ पाताळगंगा, अंबा, कुंडलिका यांसारख्या नद्या खाली वाहून आणतात. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर सारीत तरंगत राहतात. खाडीत खारे पाणी मिसळताच क्षारांमुळे त्यांच्यातील दुरावा नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसतात. मंद प्रवाहाच्या जागी या गाळाची चिखलट सपाटी तयार होते, तिच्यावर तिवरे उगवतात, तिवरांची मुळे आणखी गाळ अडवतात. मनुष्याने पहिला बांध घातला तो अशा सपाटीवर. थोडक्यात, निसर्गाने अर्धवट टाकलेले काम शेतकऱ्याने पुरे केले.

चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. अग्निज खडकापासून झालेल्या काळ्या मातीत त्याचा जो प्रकार विपुल असतो, तो पातळ पत्र्यांच्या थप्पीसारखा असतो. या पत्र्यांच्या फटींत पाणी शिरते व माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. अशा एक ग्रॅम मातीतील सर्व पृष्ठभाग मोजला तर तो सातशे चौरस मीटरांपर्यंत भरू शकतो. एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागाला चिकटलेले पाणी सहजासहजी सुटत नाही. वाळूच्या जमिनीत ओतलेली घागर पाहता पाहता जिरते. खारेपाटात पावसाळ्याच्या मध्यास ओतलेली घागर दुसऱ्या दिवशीही जागीच असते. पेण-उरण भागातील मिठागरे याच गुणावर चालत आली. तळ गळत नाही म्हणूनच उथळ वाफ्यात कोंडलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटून मीठ हाती लागते. मीठ पिकवणारा आणि भात पिकवणारा हे दोघे एकाच मातीच्या एकाच गुणाचा उपयोग परस्परविरुद्ध हेतूंनी करतात.

ज्या जमिनीतून पाणी हलत नाही तिच्यात हवाही शिरत नाही. फावड्याने दोन फूट खणले तर हे डोळ्यांनी दिसते. वरचा थर तपकिरी असतो आणि त्याखाली निळसर करडा रंग लागतो. हवेशी संबंध असताना लोखंडाचा गंज तांबूस असतो. प्राणवायू संपला की जमिनीतील जीवाणू श्वसनासाठी त्या गंजातील प्राणवायू ओढून घेतात, आणि लोखंडाचा तांबडेपणा जाऊन मातीवर निळसर छटा येते. जुन्या मुळांच्या वाटांनी जेथे थोडीशी हवा पोहोचते तेथे तांबडे ठिपके व रेषा उरतात. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षारही विपुल असतात. त्यांवर जीवाणूंची क्रिया झाली की कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास येणारा चिखल ओला आहे तोपर्यंत निरुपद्रवी असतो. मात्र तो उपसून दीर्घकाळ वाळू दिला तर त्यातील गंधकाचे गंधकाम्ल होते आणि जमीन आंबट बनते. कुट्टनाडातील काळ्या 'करी' जमिनींत ही विपत्ती प्रत्यक्षात आलेली आहे. म्हणून निचरा नाही तर तो करून टाकावा, असे सरळ उत्तर येथे चालत नाही. जमीन किती वाळवावी यालाही मर्यादा असते.

आता मिठाचा हिशेब पाहू. भर समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बांध फुटून एक हेक्टर शेतात असे पाणी केवळ दहा सेंटिमीटर उंचीने उभे राहिले, तर त्याबरोबर 35 टन क्षार शेतात येतात. याउलट एका पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच हेक्टरावर अडीच कोटी लिटर गोडे पाणी पडते. मीठ धुऊन काढण्यास ते पुरेसे आहे. पण ते धुणार कसे? माती पाणी खाली जाऊ देत नाही, आणि खाली तर खारेच पाणी आहे. येथे क्षार बहुतांशी वरून धुवावे लागतात. शेतात पावसाचे पाणी साठू द्यायचे, मातीतील मीठ हळूहळू त्यात उतरू द्यायचे, आणि मग ते पाणी खाडीत सोडून नवे गोडे पाणी घ्यायचे. धुणे जसे पुनःपुन्हा खळबळून काढावे लागते तसाच हा व्यवहार आहे.

पाणी सोडण्यासाठी बांधात दारे असतात. रायगडात त्यांना उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. दाराची झडप खाडीच्या बाजूस उघडणारी असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानेच ती मिटते. ओहोटी लागून बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. द्वारपाल नाही, यंत्र नाही, चंद्राच्या गतीवर चालणारे हे दार दिवसातून दोन वेळा आपले काम करते. बुद्धीला समाधान देणारी ही रचना आहे, पण तिचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या हाती नाही. भांगाच्या दिवसांत ओहोटी पुरेशी खाली उतरत नाही व पाणी थोडेच निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी मुसळधार पाऊस झाला, तर दार मिटलेलेच राहते आणि आतले पीक बुडते. त्यातच उघाडीच्या तोंडाशी गाळ साचला तर ओहोटीलाही वाट सापडत नाही. बाहेरची सपाटी भरतीच्या गाळाने उंचावत जाते. आत मात्र हा गाळ येत नाही, आणि वाळलेली चिकणमाती आकसून खाली बसते. ज्या देशाचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली आहे त्या नेदरलँड्समध्ये हा अनुभव शतकानुशतके येत आहे, व तेथे अखेरीस पाणी उपसण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

पाऊस सरला की उलट प्रवास सुरू होतो. कार्तिकापासून ऊन जमिनीतील ओल खेचू लागते. खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वर चढते. पृष्ठभागी पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यात दिसणारे पांढरे पापुद्रे ते हेच. दुसरे पीक घेणे म्हणूनच दुर्घट होते, आणि म्हणूनच पुढच्या मृगात सर्व धुलाई नव्याने करावी लागते. पंजाब-हरियाणाच्या मैदानातील कल्लर जमिनींची गोष्ट वेगळी आहे. तेथे मातीच्या कणांना सोडियम धरून बसलेला असतो, व जिप्सम घालून त्याच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो. कर्नाल येथे 1969 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने या उपायाचा मोठा प्रसार केला. खारेपाटाचे औषध मात्र प्रामुख्याने पाऊस हेच आहे. येथे जिप्समच्या गोणीपेक्षा बिनगळतीच्या उघाडीची गरज अधिक.

भात या जमिनीत तगतो याचे कारण त्याच्या देठापासून मुळांपर्यंत जाणाऱ्या हवेच्या पोकळ्या. हवाहीन चिखलात उभे राहूनही मुळांना प्राणवायू मिळतो. मिठाबाबत मात्र भात तितकासा कणखर नाही. बी रुजताना तो बरेच सोसतो; कोवळे रोप झाल्यावर आणि पुढे फुलोऱ्याच्या वेळी त्याला क्षार बाधतात. शेतकऱ्यांनी आपली रीत या स्वभावाशी जुळवून घेतली. पहिल्या पावसाचे पाणी शेतावरून जाऊ देऊन, मग मोड आणलेले बी चिखलात फेकण्याच्या पद्धतीस रहू म्हणतात. राता या तांबड्या दाण्याच्या जाती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. गोव्यात कोरगूट राखला. या जाती उंच वाढतात, वाऱ्याने लोळतात व उत्पन्न बेताचेच देतात. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल 1, 2 व 3 या सुधारित जाती दिल्या. त्यांचे उत्पन्न अधिक आहे, पण हस्ताचा पाऊस दगा देईल आणि फुलोऱ्यात मीठ वर येईल ही धास्ती त्यांनाही सुटलेली नाही.

आतापर्यंतचे वर्णन मातीचे झाले. परंतु खारेपाट टिकतो की बुडतो हे मातीपेक्षा बांध कोण राखतो यावर अवलंबून असते. बाहेरकाठ्यास एका ठिकाणी खांड पडली तर तिच्यामागील प्रत्येकाचे शेत खारट होते. एकट्याने आपल्यापुरता समुद्र अडवता येत नाही. ही जाणीव जुनी आहे. गोव्यात बांदोडे येथे सापडलेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्मन याच्या प्राचीन ताम्रपटात खाजन जमिनीचे दान आहे, आणि समुद्राचे खारे पाणी अडवणारा बांध घालून तिचे भातशेत करावे अशी अपेक्षा त्यात आहे. पुढे गोव्यात हा भार गावकाऱ्यांनी वाहिला. कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत शिलोत्री पद्धत होती. बाहेरचा बांध राखणारा त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्यरूपाने शिलोत्र घेत असे.

बांध राखण्याचा भार आणि पिकाचा वाटा यांचे गणित चुकले म्हणजे काय होते, तेही खारेपाटाने पाहिले आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. 1939 पर्यंत त्यांनी खोतांची शेते कसली नाहीत. उपासमार सोसली, जंगलात लाकडे तोडून पोट भरले, पण नांगर धरला नाही. या काळात, 1937 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती गेली. 1948 मध्ये मुंबई खारभूमी कायदा झाला, व 1979 मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम. बांधाची जबाबदारी अशी क्रमाने शासनाकडे गेली. कुळास जमिनीचा मालक करणे हे न्याय्यच होते. परंतु मालकी व्यक्तीची झाली आणि बांध सरकारचा झाला, तेव्हा खेकड्याने पोखरलेले भोक दिसताच मूठभर चिखल थापणारा हात कोणाचा, हा प्रश्न मध्येच लोंबकळत राहिला. गोव्यात 1976 च्या कूळकायदा दुरुस्तीनंतर, बांधांचे काम कूळसंघांकडे असूनही, तेथेही हाच प्रश्न उभा आहे.

त्याचे फळ आज ठिकठिकाणी दिसते. बांध फुटतो, दुरुस्ती लांबते, दोन-चार वर्षे भरती आत खेळते आणि शेतात तिवरे उगवतात. बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा जोर मोडून बांध वाचवते. तेच आत आले की शेत संपते. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यातील कांदळवनाच्या नाशास पूर्ण बंदी घातली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती आवश्यकच होती. पण ज्याचे शेत दुसऱ्याच्या हयगयीने तिवरांखाली गेले, त्याला सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात वन अशी अवस्था प्राप्त होते. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 नंतरच्या दोन दशकांत वर्षाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने चढली आहे. हा आकडा लहान वाटला तरी, बांधाच्या माथ्यावरून चार बोटांनी चुकणाऱ्या उधाणाच्या दृष्टीने तो लहान नाही.

एकदा खारावलेली जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यास बांध दुरुस्त झाल्यावरही दोन-तीन पावसाळे जावे लागतात. पहिल्या वर्षी केवळ पाणी साठवून सोडतात. दुसऱ्या वर्षी उंचवट्याच्या शेतांत राता पेरून पाहतात; सखल भागात अजून काही उगवत नाही. बांधाचे काम मात्र सुगीनंतरच्या कोरड्या महिन्यांतच होऊ शकते, कारण ओल्या चिकणमातीचा ढीग स्वतःच्या भाराने घसरतो. शेतातून चौकोनी ढेकळे कापून काढायची, ती थोडी सुकू द्यायची, थरावर थर रचून धुमसाने चोपायची, आणि खाडीकडच्या अंगाला दगडाची पिचिंग करायची. हे सारे मृगापूर्वी, ज्येष्ठातल्या पहिल्या मोठ्या उधाणाच्या आत उरकावे लागते.